वाहणारे रक्त आणि गोठणारे रक्त

एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, दोन महिने मूळव्याध म्हणून गावातले औषध घेतलेले, रक्ती आव थांबत नाही म्हणून अखेरीस शहरात आणलेला, दुर्बिणीची तपासणी होऊन अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव घरच्यांना प्रथमच कळलेले, आणि आता सलाइन व स्टेरॉइडची इंजेक्शने चालू असल्यामुळे दिवसभर कॉटवर पडून राहिलेला, असे चित्र आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात पाहावयास मिळते. उशाशी वहीचे एक पान असते. मुलगा संडासला जाऊन आला की आई त्यावर एक रेघ ओढते आणि रक्त पडले असेल तर त्या रेघेवर फुली मारते. पाचव्या दिवशी रेघा कमी होऊ लागतात, आईचा जीव भांड्यात पडतो, आणि त्याच संध्याकाळी मुलगा म्हणतो की डावी पोटरी भरून आली आहे. पडून पडून पाय आखडला असेल, असे म्हणून आजी वाटीत तेल कोमट करून आणते आणि पोटरी चोळावयास बसते. त्या पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरली असण्याचा आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचा संभव त्या खोलीत कोणाच्याही मनात येत नाही, कारण सर्वांचे लक्ष वहीवरच्या रेघांकडे, म्हणजे शरीराबाहेर जाणाऱ्या रक्ताकडे लागलेले असते.

प्रस्तुत लेखाचा विषय तो विसरलेला संभव हा आहे. आतड्यांच्या दाहक विकारात रक्त वाहते हे सर्वांस ठाऊक असते. तेच रक्त शरीरात अन्यत्र नको तेथे गोठते, आणि वयाच्या मानाने पाहिल्यास ही आपत्ती तरुणांवरच अधिक वक्र दृष्टी ठेवून असते, हे वैद्यकशास्त्राला माहीत होऊन जवळजवळ नव्वद वर्षे लोटली, तरी रुग्णाच्या घरापर्यंत, आणि पुष्कळदा रुग्णालयाच्या औषधपत्रापर्यंतही, ते पोचलेले नाही.

प्रथम नावाचा घोळ काढून टाकावा. आयबीडी या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे दोन मुख्य विकार म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरास जखमा करणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत शिरणारा क्रोन्स. आयबीएस म्हणून जी पोटाची तक्रार प्रसिद्ध आहे तिच्याशी यांचा नावापुरताही संबंध जोडू नये. तिच्यात आतड्याला जखम होत नाही. क्रोन्सच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक अडचण अशी की आतड्याचा क्षय हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो, आणि त्यामुळे कित्येक रुग्ण निदान ठरण्यापूर्वी क्षयाच्या गोळ्यांचा पुरा कोर्स करून बसलेले असतात. हे विकार पाश्चात्त्यांचे, आपल्याकडे नाहीतच, अशी जी समजूत होती ती लुधियाना येथील डॉक्टरांनी पंजाबात घरोघर फिरून केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने मोडून काढली. तेथे दर लाख वस्तीमागे अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ४४ रुग्ण आढळले. दोन्ही विकार बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण यांच्या ऐन हंगामात उद्भवतात. गुठळीची गोष्टही त्यामुळे मुळातच तरुणांची गोष्ट होऊन बसते.

दुसरा घोळ 'गाठ' या शब्दाचा. डॉक्टरने 'पायात रक्ताची गाठ झाली' असे म्हटले की नातलगांना कर्करोग ऐकू येतो, आणि मग पुढची दहा मिनिटे ती भीती घालवण्यात खर्ची पडतात. 'गुठळी' हा शब्द निर्धोक आहे. दुधात पिठाची धरते तशीच शिरेत रक्ताची धरते, एवढे सांगितले की आजीलाही उमज पडते.

क्रोन, गिंझबर्ग व ओपेनहायमर या तिघांनी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातून क्रोन्सचे वर्णन प्रसिद्ध केले ते १९३२ साली. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९३६ साली, मेयो क्लिनिकच्या बार्जेन व बार्कर यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत शिरा व रोहिण्या दोहोंतही विस्तृत गुठळ्या धरल्याचे दाखले नोंदवून ठेवले. त्याच संस्थेच्या दफ्तरातून १९८६ साली पुढे आलेला हिशोब असा की ७,१९९ रुग्णांपैकी ९२ जणांस, म्हणजे शंभरात एकाहून थोड्या अधिकांस, गुठळीचा उपद्रव झाला, आणि ज्यांना झाला त्यांच्यापैकी सुमारे चतुर्थांश दगावले. शवविच्छेदनाच्या जुन्या पाहण्यांत मात्र हेच प्रमाण शंभरात एकोणचाळीसपर्यंत गेलेले दिसते. या दोन आकड्यांमधील तफावत पाहून वाचकाने बिचकू नये. मरणोत्तर शोधणाऱ्यास जे सापडते ते जिवंतपणी तक्रार न करणाऱ्या गुठळ्यांसह सापडते, आणि शिवाय शवविच्छेदनाच्या मेजावर सौम्य विकाराचे रुग्ण येत नाहीत.

यानंतरची पंचवीस वर्षे ही मोजदादीची वर्षे होत. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या आरोग्यनोंदी तपासून २००१ साली असे दाखवण्यात आले की सर्वसामान्य लोकांच्या मानाने या रुग्णांत गुठळीचे प्रमाण सुमारे तिप्पट आहे आणि तुलनेची ही पट चाळिशीच्या आतील लोकांत सर्वाधिक आहे. व्हिएन्नातील डॉक्टरांनी २००४ साली एक मार्मिक प्रश्न केला : दीर्घकाळ दाह असलेल्या कोणत्याही रोगात असे घडते, की हा आतड्यांच्या या विकारांचाच विशेष आहे? त्यांच्या ६१८ रुग्णांपैकी शंभरी ६.२ जणांस गुठळी होऊन गेली होती, तर बरोबरीच्या निरोगी लोकांत शंभरी १.६ जणांस, उलट संधिवात आणि सिलिअॅक या विकारांच्या रुग्णांत असा लक्षणीय फरक आढळला नाही. हे उत्तर अंतिम मानण्याचे कारण नाही, परंतु जुनाट आजारात असे चालायचेच, असे म्हणून हात झटकण्याची सोय तरी त्याने राहू दिली नाही.

तरुणांपुरती सर्वांत बोलकी कैफियत डेन्मार्कची आहे. तेथील राष्ट्रीय नोंदींतील ४९,७९९ रुग्णांची पावणेपाच लाखांहून अधिक इतर नागरिकांशी तुलना करून २०११ साली जो निष्कर्ष आला त्यात एकंदर धोका दुप्पट भरला. पण वीस वर्षे व त्याखालील वयात पायाच्या खोल शिरेतील गुठळीचा धोका सहापट आणि फुप्फुसातील गुठळीचा सहापटीहून किंचित अधिक निघाला. येथे थांबून 'पट' या शब्दाचा विचार केला पाहिजे, कारण वर्तमानपत्री मथळे याच शब्दावर पोसले जातात. निरोगी पंधरा वर्षांच्या मुलास गुठळी होणे ही इतकी दुर्मिळ गोष्ट आहे की तिची सहापट केली तरी उत्तर लहानच राहते. उलट साठीतल्या माणसाचा मूळचाच धोका मोठा असल्याने त्याची दुप्पटही मुलाच्या सहापटीहून जड भरते, आणि डेन्मार्कच्या त्याच अभ्यासात प्रत्यक्ष घटनांची संख्या वयाबरोबर वाढत गेलेली आहे. मुलांतील घटना मुळात थोड्या असल्यामुळे त्या सहा या आकड्याच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा पट्टाही बराच रुंद आहे. तेव्हा घरी ठणठणीत असलेल्या, महाविद्यालयात जाणाऱ्या, औषध नियमाने घेणाऱ्या मुलाच्या आईबापांनी हा आकडा उशाशी घेऊन झोपू नये.

वय जेवढे सांगते त्याहून अधिक या बाबतीत वेळ सांगते. इंग्लंडमधील ग्रेंज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली लॅन्सेटमध्ये तेरा हजारांहून अधिक रुग्णांचा जो अभ्यास मांडला त्यात विकार भडकलेल्या काळातील धोका निरोगी लोकांच्या ८.४ पट भरला, तर एकंदर काळाचा ३.४ पट. घरी असताना विकार भडकला तर तुलनेची पट जवळजवळ सोळा झाली. रुग्णालयात दाखल असलेल्यांत ती तीनच्या आसपास राहिली, परंतु त्याचे कारण असे की रुग्णालयात पडून असलेल्या कोणत्याही माणसाचा धोका वाढलेलाच असतो, म्हणून भाजक मोठा झाला. खरा आकडा पाहिला तर चित्र पालटते. भडका होऊन घरी असलेल्या हजार रुग्णांत वर्षाला ६.४, आणि भडका होऊन दाखल असलेल्या हजारांत वर्षाच्या हिशोबाने ३७.५. हा हिशोब दहा दिवसांच्या मुक्कामाला लावला तर हजारी एकाच्या आसपास उत्तर येते. अमेरिकेतील दाखल मुलांच्या नोंदींवरून २०१३ साली झालेल्या पाहणीत मात्र दर दहा हजार दाखल्यांमागे ११८ आणि इतर आजारांच्या मुलांत ५० असे प्रमाण आले. तेथे गुठळी झाली म्हणूनच दाखल झालेली मुलेही गणतीत येत असल्याने दोन्ही ताळेबंद एकमेकांवर ठेवून बेरीज करण्यात अर्थ नाही. माझ्या मते या दोहोंतून घ्यावयाचे ते एवढेच की धोक्याचे दिवस मोजके असतात, ते आधी ओळखता येतात, आणि त्या मोजक्या दिवसांपुरता इलाज उपलब्ध आहे.

हे घडते कसे, याचे उत्तर फिर्शो या जर्मन पंडिताच्या नावे चालत आलेल्या तीन कारणांत शोधण्याची वैद्यकात परंपरा आहे (१८५६ साली त्याने जे लिहिले त्यात ही त्रयी आजच्यासारखी नीटस मांडलेली नव्हती, ती पुढच्यांनी त्याच्या नावावर जमा केली, हा भाग निराळा) : प्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणे. आपल्या वहीवाल्या मुलाच्या ठायी तिन्ही एकवटलेली असतात. पंधरा वेळा उठून थकलेला तो मुलगा मधल्या वेळात हलत नाही, जुलाबांनी अंगातले पाणी गेलेले असते, म्हणून प्रवाह मंद. दाहाची रसायने रक्तात फिरून शिरांचे अस्तर चेतवतात, आणि त्यातच मानेच्या किंवा दंडाच्या शिरेत नळी घातलेली असेल तर त्या जागी इजा प्रत्यक्षच होते. तिसरे कारण सर्वांत खोल. दाह भडकला की यकृत फायब्रिनोजेन व गोठण्याचे इतर घटक जास्त प्रमाणात तयार करू लागते, बिंबिका म्हणजे प्लेटलेट संख्येने वाढतात आणि चिकटही होतात, गोठणे आवरणारी अँटिथ्रॉम्बिनसारखी प्रथिने घटतात, आणि झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंदावते. शरीराच्या दृष्टीने यात काही वेडेपणा नाही. जखम झाली आहे, रक्त जात आहे, तेव्हा गोठवण्याची तजवीज वाढवली पाहिजे, असा हुकूम सुटतो. मात्र तो आतड्यापुरता न राहता सगळ्या देहभर लागू होतो. रक्तस्राव आणि गुठळी यांचे परस्परविरोधी वाटणारे नाते येथे उलगडते, कारण जितका दाह तीव्र तितके दोन्ही एकाच वेळी वाढतात.

आपल्याकडच्या रुग्णांत या कारणांना आणखी दोन हातभार लागतात. क्रोन्समध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडला की तेथून शोषले जाणारे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते, आणि शाकाहारी घरात ते आधीच तोकडे असते. त्याच्या अभावी रक्तातील होमोसिस्टीन वाढते आणि त्याचा गुठळीशी संबंध सांगितला जातो. दुसरा हातभार लोहाच्या कमतरतेचा, कारण महिनोनमहिने रक्त गेल्यावर येणारा पांडुरोग बिंबिकांची संख्या वाढवतो. फॅक्टर पाच लायडन हा जो आनुवंशिक दोष युरोपात गुठळीच्या चौकशीत पहिल्याने तपासला जातो तो आपल्या लोकांत विरळा. तेव्हा त्याच्या महागड्या चाचणीपेक्षा बी-१२ आणि लोह तपासणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

गुठळी पायातच होते असे नाही. पोटातील शिरांत, विशेषतः मोठे आतडे काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, ती धरते आणि दुखणे शस्त्रक्रियेचेच समजले जाते. परंतु तरुणांच्या संदर्भात ज्या जागेची आठवण ठेवावी ती मेंदूतील शिरांची. मुलांतील प्रसिद्ध झालेल्या दाखल्यांचा धांडोळा घेणाऱ्यांना त्यात मेंदूच्या शिरांतील गुठळ्यांचे प्रमाण अर्ध्याहून अधिक आढळले, आणि बहुतेकांचा विकार त्या वेळी भडकलेला होता. असे दाखले छापले जाण्याचा संभवच अधिक, म्हणून हे प्रमाण जसेच्या तसे धरू नये. तरीही कोलायटिसच्या भडक्यात पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी, आडवे झाल्यावर वाढणारी, ओकारी किंवा अंधुक दिसणे सोबत घेऊन आलेली, उपाशीपोटी पित्त उसळले म्हणून खपवून नेणे धोक्याचे आहे. आकडी आली तर प्रश्नच मिटला. तेथवर वाट पाहू नये इतकेच.

आता इलाजाकडे वळू, आणि येथे एक मौजेचा इतिहास आहे. १९१६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हॉवेल या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि त्याच्या हाती आला तो रक्त गोठू न देणारा. तो यकृतातून मिळाला म्हणून पुढे ग्रीक शब्दावरून त्याचे नाव हेपॅरिन पडले. आज बाजारातले हेपॅरिन बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. म्हणजे आतड्याच्या अस्तराच्या व्याधीतून उद्भवणाऱ्या आपत्तीचे निवारण आतड्याच्याच अस्तरातून निघालेल्या औषधाने होते. (ही गोष्ट आपल्याकडे शाकाहारी किंवा डुक्कर वर्ज्य असलेल्या रुग्णास क्वचितच सांगितली जाते, सांगावी असे माझे मत आहे, आणि ठरवणे त्याच्यावर सोडावे.)

भडकलेल्या कोलायटिसमध्ये रक्त पातळ करणारे इंजेक्शन द्यावयाचे म्हणजे आगीत तेल ओतणे, ही शंका आजीलाच येते असे नाही, नव्या निवासी डॉक्टरांनाही येते. या शंकेचे उत्तर गंमतीदार मार्गाने मिळाले. १९९१ साली आयर्लंडमधील डॉक्टरांनी असे कळवले की गुठळीसाठी हेपॅरिन दिलेल्या कोलायटिसच्या रुग्णाचा कोलायटिसच सुधारला, आणि म्हणून त्यांनी आणखी काही रुग्णांस ते कोलायटिसवरचे औषध म्हणून देऊन पाहिले. पुढे रीतसर चाचण्या झाल्या, आणि त्यांतून कोलायटिस बरा करण्याच्या कामी हेपॅरिनचा उपयोग सिद्ध झाला नाही. ती आशा मावळली. पण त्या साऱ्या खटाटोपात रक्त पडणाऱ्या रुग्णांस प्रतिबंधक मात्रेहून मोठ्या मात्रेतही हेपॅरिन देऊन झाले होते, आणि त्यांचा रक्तस्राव भयंकर वाढल्याचे दिसले नव्हते. एका फसलेल्या कल्पनेने दुसऱ्या कामाची निर्धास्तता मिळवून दिली. जीव धोक्यात घालणारा, रक्त चढवूनही न आवरणारा स्राव असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पायांना दाब देणाऱ्या पट्ट्यांवर भागवावे लागते. परंतु वहीवरच्या फुल्या हे इंजेक्शन टाळण्याचे कारण नव्हे, हे निःसंदिग्धपणे सांगता येते.

मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांच्या बाबतीत आता फारसा मतभेद उरलेला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार आयबीडीचा रुग्ण कोणत्याही कारणाने दाखल असला तरी त्याला प्रतिबंधक मात्रा द्यावी. व्यवहारात ती बहुधा रोज एकदा पोटाच्या कातडीखाली टोचलेले ४० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन असते. मुलांच्या बाबतीत पुरावा तोकडा आणि मते सावध. तीव्र कोलायटिससंबंधी युरोपातील बालरोगतज्ज्ञांनी २०१८ साली असे ठरवले की वयात आलेल्या किशोरास जोखमीचे एक जरी अधिक कारण असेल, आणि वयात न आलेल्या मुलास दोन वा अधिक असतील, तर इंजेक्शन द्यावे. ही कारणे म्हणजे मोठ्या शिरेतील नळी, अंथरुणाला खिळणे, गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान, लठ्ठपणा, घराण्यात गुठळीचा इतिहास अशी. आपल्याकडे सोळा-सतरा वर्षांची मुले कधी बालरोग विभागात तर कधी प्रौढांच्या पोटविकार विभागात दाखल होतात, आणि एकाच मुलाला कोणत्या दारातून आत घेतले यावर त्याचे इंजेक्शन अवलंबून राहते. ही स्थिती बरी नव्हे.

औषधांपैकी स्टेरॉइड घेणाऱ्यांत गुठळ्या अधिक आढळतात. विकार तीव्र असतो म्हणूनच स्टेरॉइड दिलेले असते, त्यामुळे दोष औषधाचा किती आणि आजाराचा किती हे वेगळे करणे कठीण, पण लांबवत न्यावे असे ते औषध नाहीच. कोलायटिसवर व संधिवातावर दिल्या जाणाऱ्या टोफासिटिनिब या औषधाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली इशारा दिला तो पन्नाशीपुढील व हृदयविकाराची जोखीम असलेल्या संधिवाताच्या रुग्णांवरील अभ्यासातून निघालेला आहे. पंचविशीतल्या कोलायटिसच्या रुग्णास तो जसाच्या तसा लागू करणे ओढाताणीचे, परंतु गुठळी होऊन गेलेल्यास ते देताना दोनदा विचार करावा हे रास्तच. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांची बाब मात्र तरुणींस स्पष्ट शब्दांत विचारली पाहिजे, आणि ती सासू व नवरा खोलीबाहेर गेल्यावर विचारली पाहिजे. त्यांच्यासमोर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असेच येते.

एकदा गुठळी होऊन गेली की मामला संपत नाही. व्हिएन्नाच्याच एका अभ्यासात उघड कारणावाचून पहिली गुठळी झालेल्या रुग्णांत पाच वर्षांच्या आत ती पुन्हा होण्याचे प्रमाण आयबीडी असलेल्यांत शंभरी ३३ आणि नसलेल्यांत २२ निघाले. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती मुदत चालवाव्यात हा प्रश्न म्हणूनच तीन किंवा सहा महिन्यांच्या ठराविक उत्तराने सुटत नाही. निदानात एक खोच आहे. डी-डायमर ही रक्ततपासणी दाहानेही वाढते, म्हणून भडक्यात ती वाढलेली आली यावरून काही ठरत नाही. पायाची डॉप्लर सोनोग्राफी करावी, ती तालुक्याच्या गावीही आता होते.

वाचकाच्या घरात असा रुग्ण असेल तर दाखल होण्याच्या दिवशीच डॉक्टरांना एवढे विचारावे : गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन लिहिले आहे का, आणि नसेल तर का नाही. आणि एकच पाय सुजला, दुखला, हाताला गरम लागला, तर तेलाची वाटी परत ठेवून द्यावी, पाय चोळू नये, सिस्टरला त्याच क्षणी हाक मारावी.